दाखल नोंदवहीचा तक्ता : ओळींच्या दुरुस्तीच्या नोंदी

काम : इंदूरच्या एका मराठी मंडळाच्या ग्रंथालयाची दाखल नोंदवही. ६ वह्या, ५७५ पाने, पानाला २५ ओळी, दाखलांक (पुस्तक नोंदवहीत चढताना मिळणारा क्रमांक) १ ते १४,३६२. एक्सेलमध्ये टाइप झालेली आहे, पण सॉर्ट केली की विस्कटते, फिल्टर लावला की पुस्तके सापडत नाहीत आणि किमतींची बेरीज वहीशी जुळत नाही. गुढीपाडव्याच्या आत, म्हणजे ३० मार्च २०२५ पूर्वी, ती वापरात यायला हवी. या नोंदींत फंक्शनांची नावे देवनागरीत आहेत; सेलमध्ये ती इंग्रजीतच टाइप करायची आणि आकडेही इंग्रजीच घ्यायचे.

१० मार्च

मूळ फाइलची प्रत काढली. मूळ फाइल 'फक्त वाचण्यासाठी' करून बाजूला ठेवली. पुढचे सारे काम प्रतीवर.

कशालाही हात लावण्याआधी लपलेले उघड केले. ओळींचे क्रमांक दोन ठिकाणी उड्या मारत होते. एके ठिकाणी क्रमांक निळे होते, म्हणजे फिल्टर चालू होता. डेटा टॅबमधून 'क्लिअर' केले. दुसऱ्या ठिकाणी क्रमांक काळेच, पण मधली रेघ दुहेरी, म्हणजे ओळी हाताने 'हाइड' केलेल्या. कोपऱ्यातल्या त्रिकोणावर क्लिक करून सगळी शीट निवडली आणि 'अनहाइड' केले. हा फरक महत्त्वाचा आहे. फिल्टर लावून निवडलेल्या ओळी डिलीट केल्या तर दिसणाऱ्याच जातात, हाताने लपवलेल्या मात्र निवडीत आल्या की त्याही जातात, आणि जाताना कळत नाही. इथे बाद केलेली पुस्तके लपवून ठेवली होती. बाद पुस्तकासाठी 'स्थिती' हा रकाना हवा. ओळ लपवणे ही नोंद होत नाही.

पहिल्या चार ओळी तरीही दिसेनात. अनहाइड करूनही नाहीत. कारण 'फ्रीझ पेन्स'. शीट पाचव्या ओळीपर्यंत खाली सरकवलेली असताना कोणीतरी फ्रीझ लावले होते. अशा वेळी वरच्या ओळी लपलेल्या नसतात, फक्त तिथवर सरकता येत नाही. व्ह्यू टॅबमधून अनफ्रीझ करताच दिसल्या.

मग डाव्या टोकाला 'मूळ क्रम' हा नवा रकाना घातला आणि त्यात १ पासून आकडे भरले. फॉर्म्युला नाही, नुसती मूल्ये. काही बिघडले तर या रकान्यावर सॉर्ट करून ओळी होत्या तशा लावता येतील. खाली रकान्यांची अक्षरे हा रकाना सोडून दिली आहेत : ए दाखलांक, बी तारीख, सी शीर्षक, डी लेखक, ई प्रकाशक, एफ ठिकाण, जी वर्ष, एच पाने, आय किंमत, जे मार्ग (खरेदी की देणगी), के शेरा.

शेवटची भरलेली ओळ : १६,२५१. दाखलांक १४,३६२ पर्यंतच असताना सुमारे १,९०० ओळी जादा.

११ मार्च

कंट्रोल+एंड दाबले की कर्सर ६५,५३६ व्या ओळीवर जातो. फाइल जुन्या एक्सएलएस साच्यातली, आणि त्या साच्यात एका शीटच्या ओळीच तेवढ्या (रकाने २५६). मधे एक ओळ घालायला गेले की 'भरलेले सेल शीटबाहेर ढकलले जातील' अशा अर्थाचा संदेश येऊन काम अडते. तळाच्या सेलमध्ये काहीच दिसत नाही, पण फॉर्म्युला बारमध्ये पाहिले तर तिथे इफचा फॉर्म्युला आहे. दाखलांक नसेल तर रिकामे दाखवणारा हा फॉर्म्युला पार तळापर्यंत ओढलेला. रिकामा दिसणारा सेल आणि रिकामा सेल या एक्सेलच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुरुस्ती : १६,२५२ वी ओळ पूर्ण निवडून कंट्रोल+शिफ्ट+डाउन, मग कंट्रोल+उणे. नुसती डिलीटची कळ चालत नाही. तिने मजकूर जातो, ओळीची रचना राहते. सेव्ह केल्यावर कंट्रोल+एंड १६,२५१ वर आले. नंतर फाइल टॅब, इन्फो, 'कन्व्हर्ट' करून एक्सएलएसएक्स केली, बंद करून पुन्हा उघडली. आता मर्यादा १०,४८,५७६ ओळी.

ग्रंथालयाला एवढ्या ओळी कधीच लागणार नाहीत, पण जुना साचा मर्यादा भरली की पुढचे निमूट सोडून देतो. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून १५,८४१ करोना रुग्ण काही दिवस सुटले होते ते याच ६५,५३६ च्या मर्यादेमुळे.

१२ मार्च

जादा ओळी कोणत्या ते शोधले. किंमत रकान्याची बेरीज नऊ अंकी आली, तिथेच उत्तर मिळाले. टाइप करणाऱ्यांनी वही जशी दिसते तशी उतरवली आहे. प्रत्येक पानाचे शीर्षक, पानाखालचे 'एकूण' आणि पुढच्या पानावरचे 'मागील पानावरून' हे सगळे ओळी म्हणून आले. वहीतली बेरीज चढती आहे, पानागणिक पुढे नेलेली, त्यामुळे तीच रक्कम शेकडो वेळा मिळवली गेली.

मदतीचा रकाना घेतला : =इझनंबर(ए२). 'फॉल्स' आलेल्या, म्हणजे दाखलांकाच्या जागी आकडा नसलेल्या, ओळी फिल्टरने पाहिल्या :

पान-शीर्षके ५७५
'एकूण' ५७४ (शेवटचे पान बंद केलेले नाही)
'मागील पानावरून' ५७४
पूर्ण रिकाम्या ६३
दाखलांक नाही पण शीर्षकात मजकूर आहे, अशा ११८

एकूण १,९०४. उरल्या १४,३४७ नोंदी.

या ओळी लगेच उडवायच्या नाहीत. ५७४ 'एकूण' ओळी आधी 'पानबेरीज' नावाच्या वेगळ्या शीटवर नेल्या. हिशेबाच्या वहीत खालची बेरीज ज्या कामासाठी असते त्याच कामासाठी आपल्याला ती हवी आहे. एका पानाच्या चढत्या बेरजेतून आधीच्या पानाची वजा केली की त्या पानाच्या २५ किमतींची बेरीज मिळते. ती हस्ताक्षरातली, आपल्या टायपिंगपासून स्वतंत्र. एवढी चांगली कसोटी दुसरीकडून मिळाली नसती.

त्यानंतर शीर्षके, एकूण आणि मागील पानावरून या ओळी काढल्या. छापताना प्रत्येक पानावर शीर्षक हवे म्हणून शीटमध्ये ते पुन्हा पुन्हा टाइप करायची गरज नाही : पेज लेआउट, प्रिंट टायटल्स, 'रोज टू रिपीट ॲट टॉप' मध्ये पहिली ओळ द्यावी.

१५ मार्च

(१३-१४ होळी आणि धुळवड, काम बंद.)

रिकाम्या ६३ ओळी काढल्या. दिसायला निरुपद्रवी, पण साध्या तक्त्यात एक पूर्ण रिकामी ओळ म्हणजे एक्सेलच्या दृष्टीने तक्त्याचा शेवट. सॉर्ट आणि फिल्टर तिथेच थांबतात. वही क्रमांक ४ ची पुस्तके फिल्टरमध्ये येत नाहीत, ही तक्रार यातूनच होती.

मग ११८ अर्ध्या ओळी. लांब शीर्षक वहीत दोन ओळींत लिहिलेले, तर शीटमध्येही दोन ओळींत. वरच्या ओळीत दाखलांक, खालच्या ओळीत फक्त शीर्षकाचा उरलेला भाग. जोडण्यासाठी : =इफ(ए३="",सी२&" "&सी३,सी२). खालपर्यंत भरून, कॉपी करून 'पेस्ट व्हॅल्यूज' ने सी वर टाकले, मग ए रिकामा असलेल्या ओळी डिलीट. आधी मोजल्या : ११८. जुळल्यावरच डिलीट केल्या.

यानंतर खरी किचकट गोष्ट : 'वरीलप्रमाणे'. वहीत लेखक, प्रकाशक, ठिकाण, तारीख या रकान्यांत तेच नाव पुन्हा आले की खाली दोन टिंबे किंवा अवतरणचिन्ह काढतात. टायपिंगमध्ये त्याची चार रूपे झाली : दुहेरी अवतरण, दोन एकेरी अवतरणे, 'वरीलप्रमाणे' आणि हिंदीतले 'उपरोक्त'. कागदावर ही खूण वरच्या ओळीकडे बोट दाखवते. शीट सॉर्ट झाली की वरची ओळ बदलते आणि बोट भलत्याच लेखकाकडे जाते. लेखक रकान्यात अशा २,३०० वर खुणा होत्या. कोणी एकदाही सॉर्ट करून सेव्ह केले असते तर मूळ लेखक परत मिळवायला वही पुन्हा उघडावी लागली असती. दाखलांक चढत्या क्रमानेच होते, म्हणजे तसे झालेले नाही.

पायऱ्या, याच क्रमाने :

डी रकान्यातले खरोखर रिकामे सेल आधी वेगळे केले. रकाना निवडून एफ५, स्पेशल, ब्लँक्स. 'नाही' टाइप करून कंट्रोल+एंटर. हे केले नाही तर लेखक नसलेल्या पुस्तकाला वरच्या पुस्तकाचा लेखक चिकटतो.

कंट्रोल+एच. एकेक खूण घेऊन तिच्या जागी काहीच नाही. 'मॅच एंटायर सेल कंटेंट्स' वर खूण हवीच, नाहीतर शीर्षकांच्या आतली अवतरणेही उडतात.

पुन्हा एफ५, स्पेशल, ब्लँक्स. = टाइप करून वरचा बाण, मग कंट्रोल+एंटर. प्रत्येक रिकामा सेल आपल्या वरच्या सेलचे मूल्य घेतो. पाच खुणा ओळीने असल्या तरी साखळीने बरोबर उतरते.

पूर्ण रकाना कॉपी, पेस्ट व्हॅल्यूज. ही पायरी राहिली तर सगळे फॉर्म्युले 'वरचा सेल' असेच राहतात, आणि सॉर्ट केल्यावर जुनी व्याधी नव्या रूपात परत येते.

हे काम अर्ध्या ओळी जोडल्यानंतरच करायचे. आधी केले असते तर अर्ध्या ओळीतला 'नाही' खालच्या पुस्तकांना लागला असता. पान-शीर्षके तशीच असती तर 'लेखक' या नावाचा एक लेखक जन्माला आला असता, पाचेकशे पुस्तकांसह.

१७ मार्च

पानबेरीज तपासणी. पान क्रमांक : =राउंडअप(ए२/२५,०). पानागणिक बेरीज समइफने काढून वहीच्या बेरजेशी लावली. न जुळणारी पाने ४८.

त्यांतली सात सलग : २०३ ते २०९. एकेका पानावरचा फरक थोडा, पण सातही चुकलेली. सुटी टायपिंगची चूक अशी रांगेत येत नाही. पाहिले तर २०३ च्या सुरुवातीला किंमत रकान्यात एकच सेल घातलेला आणि 'शिफ्ट सेल्स डाउन' झालेले. २०९ च्या शेवटी कोणीतरी एक सेल काढून गाडी रुळावर आणलेली. मधल्या पावणेदोनशे पुस्तकांना शेजारच्या पुस्तकाची किंमत. एकूण बेरीज पाहिली असती तर हे कधीच सापडले नसते, कारण ती जवळपास बरोबरच येते. वरचा जादा सेल 'शिफ्ट सेल्स अप' ने काढला, खाली एक सेल घातला, तिथली किंमत वहीतून भरली. सातही पाने जुळली.

यापुढचा नियम : ओळ घालायची किंवा काढायची तर डावीकडचा ओळ-क्रमांक निवडून. सेलवर राइट-क्लिक करून इन्सर्ट नको.

उरलेल्यांपैकी बहुतेक पाने पहिल्या दोन वह्यांतली, आणि फरक प्रचंड : एकेका पानावर तीस-चाळीस हजार. कारण आणे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येण्याआधीच्या किमती रुपये-आणे-पै अशा आहेत (रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै). २ रुपये ८ आणे ६ पै हे '२-८-६' असे टाइप केले की एक्सेल त्याला २ ऑगस्ट २००६ समजते. तारीख आत आकडाच असते, इथे ३८,९३१. अडीच रुपयांचे पुस्तक अडतीस हजारांचे झाले.

उलटवणे सोपे आहे. दिवस म्हणजे रुपये, महिना म्हणजे आणे, वर्षातून २००० वजा म्हणजे पै : =डे(आय२)+मंथ(आय२)/१६+(इअर(आय२)-२०००)/१९२. वरच्या उदाहरणात २.५३. हे दिवस-महिना-वर्ष क्रम लावलेल्या संगणकासाठी. या दोन वह्या त्याच संगणकावर टाइप झाल्याची खात्री केली. आणे १३, १४, १५ असले तर तारीख बनत नाही, मजकूर राहतो. ते सेल टेक्स्ट टू कॉलम्सने आडव्या रेघेवर तोडून त्याच भागाकारात घातले. पानाखालच्या बेरजाही त्या काळात आणे-पैतच आहेत, त्या तशाच बदलल्या. नाहीतर कसोटीच खोटी ठरते.

४८ पैकी ११ पाने उरली.

१८ मार्च

वर्गांकांचा (विषयानुसार पुस्तकाला दिलेल्या क्रमांकांचा) घोळ. नाटकांवर फिल्टर लावून वेगळ्या फाइलमधली वर्गांकांची यादी पेस्ट केलेली. अनेक सेलांची यादी फिल्टर लावलेल्या शीटवर पेस्ट केली की ती सलग ओळींत उतरते, मधल्या लपलेल्या ओळींतही. परिणाम : नाटकांच्या आसपासच्या पाककृती आणि चरित्रांना ८९१.४६ ने सुरू होणारे मराठी साहित्याचे वर्गांक, आणि बऱ्याच नाटकांना काहीच नाही. फिल्टर काढल्याशिवाय हे दिसत नाही.

एकच मूल्य सगळ्या दिसणाऱ्या ओळींत भरायचे असेल तर सेल निवडून ऑल्ट+सेमीकोलन (फक्त दिसणारे सेल), मूल्य टाइप करून कंट्रोल+एंटर. वेगवेगळी मूल्ये असतील तर पेस्ट नकोच. दाखलांकावरून इंडेक्स-मॅचने आणावीत. वर्गांक रकाना रिकामा करून यादीतून तसाच भरला. रकान्याचा साचा 'टेक्स्ट', कारण आकडा म्हणून ठेवला तर दशांशानंतरचे शेवटचे शून्य गळते.

१९ मार्च

रंगपंचमी. गेर (रंगांची मिरवणूक) असल्याने राजवाड्याच्या बाजूचे रस्ते बंद. काम नाही.

२० मार्च

दिसायला सारखे, पण एक्सेलला वेगळे. ठिकाण रकान्याच्या फिल्टरमध्ये 'कऱ्हाड' दोनदा येते. लेनने मोजले : एकाची लांबी ६, दुसऱ्याची ७. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक, कोड ८२०५. दोन टंकलेखकांचे दोन कीबोर्ड, एवढाच फरक. पण फिल्टर, काउंटइफ आणि मॅच यांच्या लेखी ही दोन गावे. 'दुसऱ्या', 'गोऱ्हे', 'तऱ्हा' अशा प्रत्येक शब्दात हेच.

दुरुस्ती : =सब्स्टिट्यूट(सी२,"र्"&युनिकॅर(८२०५),"ऱ्"). शीर्षक, लेखक, प्रकाशक, ठिकाण या चारही रकान्यांवर. सगळे जोडक सरसकट उडवू नयेत. काही ठिकाणी अर्धे अक्षर आडवे दिसावे म्हणून ते मुद्दाम असतात.

सोबत कोड १६० ची न तुटणारी मोकळी जागा. वेबपानावरून उचललेल्या नावांच्या शेवटी हमखास असते आणि ट्रिम तिला हात लावत नाही. =ट्रिम(सब्स्टिट्यूट(डी२,कॅर(१६०)," ")) असे दोन्ही एकत्र.

वही क्रमांक ३ पूर्णपणे कृतीदेव ०१० या जुन्या फॉन्टमध्ये. मध्य प्रदेशात टायपिंग शिकलेल्यांच्या हाताला तोच बसलेला असतो, त्यामुळे हे होणारच. फॉन्ट लावला की देवनागरी दिसते, पण आत लॅटिन अक्षरे असतात. सॉर्ट केले की ही सगळी वही एका बाजूला गोळा होते आणि देवनागरीत शोधले तर त्यातले एकही पुस्तक मिळत नाही. युनिकोडमध्ये बदलले. काही राहिले का ते तपासायला : =अँड(युनिकोड(सी२)>=२३०४,युनिकोड(सी२)<=२४३१). देवनागरीचा मुख्य पट्टा हा. 'फॉल्स' आलेल्यांत इंग्रजी शीर्षके आणि आकड्याने सुरू होणारी शीर्षकेही येतात, ती नजरेने गाळली. बदलकाने ऱ्हस्व इकार काही जोडाक्षरांत चुकीच्या जागी टाकला, तेवढे हाताने.

२१ मार्च

दाखल तारखा. सॉर्ट केल्यावर १९६२ चे काही दिवस वर, काही पार तळाशी. एक्सेल आधी आकडे लावते, मग मजकूर. रिकामे नेहमी शेवटी. तळाशी गेलेल्या तारखा मजकूर होत्या. वही ५ चा संगणक महिना-दिवस क्रमावर होता : तिथे १३/०४/१९६२ मजकूर राहिला आणि ०३/०४/१९६२ हे ४ मार्च झाले. मजकूर राहिलेल्या बऱ्या, टेक्स्ट टू कॉलम्समध्ये 'डेट : डीएमवाय' दिले की होतात. उलटलेल्या तारखा मात्र तारखाच असतात, त्यांच्यावर ही युक्ती चालत नाही. त्यांच्यासाठी =डेट(इअर(बी२),डे(बी२),मंथ(बी२)), आणि हे फक्त वही ५ च्या आकडा असलेल्या सेलांवर. पडताळा : दाखलांक वाढतो तशी तारीख मागे जाऊ नये. मागे जाते ती ओळ वहीत पाहिली.

२२ मार्च

दुबार आणि गाळलेले. काउंटइफने दाखलांक मोजला : २२ दुबार. 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' वापरले नाही. ते काय काढले हे दाखवत नाही, आणि निवड काही रकान्यांचीच असेल तर तेवढ्याच रकान्यांतले सेल वर सरकतात, शेजारचे जागच्या जागी राहतात. २२ पैकी ९ खरोखर दोनदा टाइप झालेल्या, त्या काढल्या. १३ ठिकाणी मात्र वहीतच एक क्रमांक दोन पुस्तकांना दिलेला. पुस्तकांवर शिक्का तोच आहे, म्हणून क्रमांक बदलता येत नाही. 'अ' जोडावा असे ठरत होते, पण आकड्यांच्या रकान्यात 'अ' असलेला दाखलांक मजकूर होतो आणि सॉर्टमध्ये सगळ्यांच्या खाली जातो. म्हणून 'उपांक' हा वेगळा रकाना, आणि दोन्ही मिळून 'किल्ली' (शीटचे टेबल केल्यावर घालायची) : =टेक्स्ट([@दाखलांक],"०००००")&[@उपांक]. शीर्षक-ओळीतली नावे तीच ठेवायची.

गाळलेले ३७. त्यांत २५ सलग : ७,७५१ ते ७,७७५, म्हणजे पान ३११ अख्खे उलटले गेलेले. बाकी १२ पैकी ७ टायपिंगमध्ये सुटलेले, ५ क्रमांक वहीतच कोणाला दिलेले नाहीत. त्या पाचांनाही ओळ दिली, शेऱ्यात 'क्रमांक दिलेला नाही'. नाहीतर पुढच्या तपासणीत तेच पाच पुन्हा शोधत बसावे लागतील.

१४,३४७ − ९ + ३२ + ५ = १४,३७५ ओळी. १४,३६२ दाखलांक आणि १३ उपांक. जुळले. पानबेरीजही सगळी जुळली. उरलेल्या ११ पानांपैकी तीन ठिकाणी वहीतलीच बेरीज चुकलेली निघाली, तिथे शेरा ठेवला.

२४ मार्च

कंट्रोल+टी करून टेबल केले, नाव 'पुस्तके'. टेबलमध्ये मर्ज केलेले सेल राहत नाहीत, हा फायदाच. नव्या ओळींबाबत आलेल्या अडचणी :

खाली टाइप केलेली नोंद टेबलमध्ये येत नव्हती. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, 'ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप' मध्ये 'इन्क्लूड न्यू रोज अँड कॉलम्स इन टेबल' बंद होते. हे त्या-त्या संगणकावरचे असते; दुसऱ्या संगणकावर वेगळे पाहावे लागते.

टोटल रो चालू केली की तिच्या खाली टाइप केलेले टेबलबाहेरच राहते. टोटलच्या वरच्या ओळीतल्या शेवटच्या सेलमध्ये टॅब दाबावा. टोटलमध्ये सबटोटल १०९ येते. ते फिल्टरने गाळलेल्या आणि हाताने लपवलेल्या दोन्ही ओळी सोडते. हाताने लिहिताना ९ लिहिले तर लपवलेल्या ओळी मोजल्या जातात.

शीट प्रोटेक्ट केली की टेबल वाढतच नाही, टॅबनेही नाही, सेल अनलॉक केलेले असले तरी. प्रोटेक्शन काढले; त्याऐवजी दाखलांकावर डेटा व्हॅलिडेशन : =काउंटइफ($ए$२:$ए$२००००,ए२)=१. दुबार क्रमांक टाइप करू देत नाही, पेस्ट मात्र अडवत नाही. उपांक द्यायची वेळ क्वचित, तेव्हा ग्रंथपालांनीच ते काढून नोंद करावी.

'पुस्तके' च्या खालीच 'देणगीदार' चे टेबल होते. त्यामुळे वर ओळ घातली की 'टेबलमधले सेल सरकवता येत नाहीत' असा संदेश. शेजारी ठेवले असते तर एकाचा फिल्टर दुसऱ्याच्या ओळी लपवतो. वेगळ्या शीटवर नेले.

२५ मार्च

देवघेव. १८६ पुस्तके वाचकांकडे आहेत, आणि त्या शीटवर प्रत्येकापुढे थेट संदर्भ : =पुस्तके!सी४१२ अशा धाटणीचे. ओळी डिलीट केल्या किंवा घातल्या तर असा संदर्भ सोबत सरकतो. सॉर्ट केले तर सरकत नाही. ४१२ व्या ओळीत आता जे पुस्तक आले तेच दाखवतो. ओळीचा क्रमांक ही पुस्तकाची ओळख नव्हे, ती फक्त आज उभे असण्याची जागा.

बाजूला ठेवलेल्या मूळ फाइलमध्ये सॉर्ट झालेले नाही, म्हणून तिथले संदर्भ अजून बरोबर आहेत. तिच्या एका प्रतीत प्रत्येक संदर्भाचा रकाना सी ऐवजी ए केला, १८६ दाखलांक मिळाले, मूल्ये म्हणून नव्या फाइलमध्ये आणले, किल्ली बनवली. शीर्षक आता =इंडेक्स(पुस्तके[शीर्षक],मॅच(ए२,पुस्तके[किल्ली],०)). एक्सलुकअप घेतला नाही. काउंटरवरचा संगणक एक्सेल २०१६ चा आहे आणि त्यात ते फंक्शन नाही. मॅचचा शेवटचा शून्य विसरू नये, नाहीतर जवळपासचे पुस्तक येते आणि चूक लक्षातही येत नाही. वाचकांच्या कार्डांवरून वीस नोंदी तपासल्या, वीसही बरोबर.

२७ मार्च

ओळींची उंची. मंगल फॉन्ट उंच आहे. १५ पॉइंटच्या ओळीत वेलांटी, रफार आणि खालचा उकार कापला जातो. एकदा उंची हाताने दिली की ओळ आपोआप वाढणे थांबते. सगळ्या ओळी निवडून होम, फॉरमॅट, 'ऑटोफिट रो हाइट'. आता निर्मला यूआय, ११.

शोधताना 'म' पासून पुढची शीर्षके फिल्टरच्या यादीत दिसत नाहीत अशी तक्रार. नोंदी आहेत. फिल्टरची उघडणारी यादी १०,००० वेगळ्या नोंदींपुरतीच असते आणि शीर्षके त्याहून जास्त. यादीच्या वरच्या शोध-चौकटीत शब्द टाइप करावा, किंवा 'टेक्स्ट फिल्टर्स, कंटेन्स'.

२८ मार्च

मंडळाच्या संगणक-प्रणालीसाठी सीएसव्ही दिली. तिकडे ओळी १४,४०६ मोजल्या गेल्या, शीर्षक-ओळ धरून आपल्या १४,३७६. फरक ३०. शेरा रकान्यात ऑल्ट+एंटर मारून दिलेल्या नव्या ओळी. तिकडची प्रणाली त्यांना नवीन नोंद समजते. कंट्रोल+एच, 'फाइंड' च्या चौकटीत कंट्रोल+जे (काही दिसत नाही, ते तसेच असते), 'रिप्लेस' मध्ये स्वल्पविराम-मोकळी जागा. बरोबर ३० बदल झाले. साठवताना प्रकार 'सीएसव्ही यूटीएफ-८' घेतला. साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हे होतात.

२९ मार्च

अखेरची मोजणी : नोंदी १४,३७५, किल्ली दुबार ०, कंट्रोल+एंड १४,३७७ (टोटल रो धरून). मदतीचे रकाने काढले, 'मूळ क्रम' ठेवला. फाइल काउंटरवर दिली.

बाकी : वही ३ मधले इकार, अंदाजे ६० ओळी, पान २४१ पासून पुढे. पान ३११ च्या पंचवीस पुस्तकांना वर्गांक नाहीत. दाखलांक १४,३६३ पासूनच्या देणगीची दोन खोकी अजून वहीतच चढलेली नाहीत. आधी वही, मग टेबल.